चुना, डिस्टेंपर की प्लास्टिक पेंट? आधी भिंत बघा

दसरा जवळ आला की शेड कार्ड घरात येतं आणि 'मोतिया की पिस्ता' यावर दोन दिवस जातात. सांगलीत रंगाच्या आधी एक प्रश्न असतो: घर नदीपासून लांबच्या विश्रामबागेत आहे की नदीकाठच्या गावभागात? 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये ज्या भिंती कृष्णेच्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांतल्या कित्येकींना लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार, लागलाय.

भिंतीच्या खालच्या भागावर हातभर लांब-रुंद असं जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं, तर ओल आतून येतेय.

अशा भिंतीला प्लास्टिक पेंट नको. आम्ही हॉलला धुता येणारा भारी रंग दोन हात मारला. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या दोन फुटांत पोळीसारखे फुगे आले, कारण ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. सगळं खरवडलं आणि चुना लावला.

चुन्यातून भिंत वाळत राहते, बुरशीही सहसा धरत नाही, खर्च तर किरकोळ. पण टेकलात की शर्टाची पाठ पांढरी. दर एक-दोन वर्षांनी हात मारावा लागतो. कळीचा चुना विरवताना पाणी अक्षरशः उकळतं, म्हणून लोखंडी पिंप घ्या, चुन्यात पाणी ओतू नका, पाण्यात चुना थोडा थोडा सोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. रात्रभर मुरल्यावर गाळून घ्या, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत आधी पाण्याने भिजवून पातळ तीन हात द्या. जाड दिलात तर पोपडे निघतील.

भिंत कोरडी असेल, घरात खडूवाली मुलं असतील, तर मात्र प्लास्टिक पेंटच. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे 440 चौरस फूट भिंत. दार-खिडक्या वजा जाता 380 च्या आसपास. दोन हातांना साधारण चार लिटर पुरतो. रंग लावणं एका दिवसाचं काम आहे, पुट्टी आणि पॉलिश पेपरने घासण्यात मात्र शनिवार-रविवार दोन्ही जातात. आणि जुन्या चुन्यावर हा रंग थेट लावू नका, चुन्यासकट सोलून येतो.

डिस्टेंपर मधला. भाड्याच्या घराला ठीक. ओल्या फडक्याने जोरात पुसलं की रंग फडक्यावर.

वॉलपेपर हवाच असेल तर टीव्हीमागच्या एका कोरड्या भिंतीपुरता. एका रोलमध्ये 50-55 चौरस फूट भागतं, नक्षी जुळवताना त्यातलंही वाया जातं.

रंगारी की आपण? भिंती आपण, छत रंगाऱ्याला. घोडीवर मान वर करून तासभर रोलर फिरवल्यावर दुसऱ्या दिवशी मान कुठेच वळत नाही, हे मी स्वखर्चाने शिकलोय.