पवनचक्कीवर चढायचं बनावट सर्टिफिकेट : पैसे भरण्याआधी हे वाचा

पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यामुळे आमच्या भागातल्या आयटीआय झालेल्या पोरांना हे काम नवं नाही. इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटरचा ट्रेड संपला की कुणी ना कुणी सांगतंच, 'टेक्निशियन म्हणून लाग, पगार बरा आहे.' पगार बरा असतो हे खरं. पण टॉवरवर चढायला उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण झालेलं लागतं, आणि नेमक्या या अटीवर काही लोकांनी दुकान मांडलं आहे. आमची अख्खी बॅच त्यात नागवली गेली.

जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. पवनचक्की टेक्निशियन पाहिजेत, राहणं-जेवण कंपनीचं, अट एकच : जीडब्ल्यूओ सेफ्टी सर्टिफिकेट. ते करून देणाऱ्या संस्थेचा नंबर त्याच मेसेजमध्ये खाली. फी साडेअठरा हजार, आणि 'जागा थोड्याच उरल्यात'. आईने भिशी उचलून पैसे दिले. पैसे गेले एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर, पावती आली तिसऱ्याच कुठल्या तरी एंटरप्रायझेसच्या नावाने. विचारलं तर 'आमचीच सिस्टर कंपनी आहे दादा' असं उत्तर मिळालं.

जीडब्ल्यूओ म्हणजे ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन. पवनचक्क्या बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ही संस्था काढली आहे. ती स्वतः वर्ग घेत नाही. अभ्यासक्रम आणि दर्जा ती ठरवते, शिकवायचं काम मान्यता मिळालेल्या केंद्रांनी करायचं. उंचीवरच्या कामाचा मूळ कोर्स दोन दिवसांचा असतो आणि त्याचं सर्टिफिकेट २४ महिने चालतं, मग रिफ्रेशर म्हणजे उजळणीचा कोर्स करावा लागतो.

आमचा 'कोर्स' पुण्याबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या गाळ्यात झाला. सकाळी हजेरीच्या कागदावर दोन्ही दिवसांच्या सह्या एकदमच घेतल्या. मेडिकल फॉर्मवर ब्लडप्रेशर, चक्कर, उंचीची भीती, सगळ्या रकान्यांत 'नॉर्मल' आधीच भरलेलं होतं. दुपारपर्यंत प्रोजेक्टरवर चित्रं. जेवणानंतर एकेकाला हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) चढवला, मचाणाच्या पाइपला हुक अडकवायला लावला आणि फोटो काढला. हार्नेसवर बनवणाऱ्याचं नाव, मानक, सिरीयल नंबर आणि तारीख लिहिलेलं लेबल असतं. इथल्या हार्नेसची लेबलं कापलेली होती. संध्याकाळी सगळे पास. सर्टिफिकेटवर तारखा मात्र दोन दिवसांच्या.

हे उघडं कुठे पडलं ते सांगतो. मी धुळे जिल्ह्यात साक्री भागातल्या एका साइटवर इंडक्शनला (कामावर घेण्याआधीच्या ओळख-तपासणीला) गेलो. गेटवरच्या सेफ्टी ऑफिसरने सर्टिफिकेट हातातही घेतलं नाही. 'विंडा आयडी सांग,' एवढंच म्हणाला. विंडा ही जीडब्ल्यूओची ऑनलाइन नोंदवही आहे. कोर्स करणाऱ्याने तिथे स्वतःचं खातं उघडायचं, आयडी केंद्राला द्यायचा आणि कोर्स झाल्यावर केंद्राने निकाल तिथे चढवायचा. नोंद दिसली तर तुम्ही प्रशिक्षित. नोंद नसेल तर हातातल्या छापील कागदाला कुणी विचारत नाही.

माझ्याकडे आयडीच नव्हता. साहेबांनी हाकलून दिलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी हार्नेस पुढे केला आणि म्हणाले, घाल. मग विचारायला लागले. टॉवरच्या शिडीवरच्या दोराला जो फॉल अरेस्टर (पडणाऱ्याला अडवणारा चिमटा) लावतात तो हार्नेसवरच्या कुठल्या डी-रिंगला, म्हणजे धातूच्या कडीला? मी पाठीमागची दाखवली. शिडी चढताना तो छातीवरच्या रिंगला लावायचा असतो. लॅनयार्डचं (हार्नेस आणि हुक जोडणाऱ्या दोराचं) शॉक पॅक, म्हणजे पडल्यावर उलगडून झटका झेलणारी घडी, हुकाकडे ठेवायचं की अंगाकडे? अंगाकडे, हार्नेसच्या बाजूला. सहकारी बेशुद्ध होऊन लटकला तर खाली कसा आणशील? यावर माझ्याकडे शब्दच नव्हता. हार्नेसमध्ये माणूस हालचाल न करता लटकत राहिला की मांडीचे पट्टे आवळतात, रक्त पायात साठतं आणि काही मिनिटांत तो शुद्ध हरपू शकतो. म्हणून सुटका कोण करणार, कशाने करणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं लागतं. खऱ्या कोर्समध्ये ही सुटका हाताने करून घेतात. आमच्या गाळ्यात सुटकेचं साहित्यच नव्हतं.

तिथेच त्यांनी एक हिशेब मांडून दाखवला, तो सगळ्यांनी पाठ करावा. लॅनयार्ड २ मीटर. पडल्यावर शॉक पॅक उघडतं ते जास्तीत जास्त पावणेदोन मीटर. डी-रिंगपासून पायापर्यंत अंगाची लांबी दीड मीटर. शिवाय राखीव मोकळी जागा १ मीटर. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे पायाजवळ हुक अडकवून ४ मीटरवर काम करणारा माणूस पडला, तर पट्टा त्याला थांबवायच्या आत तो जमिनीवर आपटतो. पट्टा अंगात आहे, हुक लावलेला आहे, सर्टिफिकेट खिशात आहे, आणि तरीही. पोरांचे पैसे लुबाडले याचा राग आहेच, पण न शिकलेल्याला 'तू शिकलास' असं लिहून देणं मला चोरीपेक्षा भयंकर वाटतं.

संस्थेला फोन लावला तर आधी 'प्रोसेसिंगला आहे', मग 'सर्व्हर डाऊन आहे', आणि शेवटी 'विंडा अपलोडचे साडेतीन हजार वेगळे'. बॅचमधल्या काहींनी तेही भरले. विंडावर स्वतःचं खातं उघडायला पैसे लागत नाहीत, आणि ज्या केंद्राला मान्यताच नाही ते नोंद चढवूच शकत नाही. नंतर आमचे नंबर ब्लॉक झाले.

त्या सर्टिफिकेटवरच्या शिक्क्यांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण घरचे लोक त्यांनाच भुलतात. 'भारत सरकार नोंदणीकृत' म्हणून जो नंबर छापला होता तो उद्यम नोंदणीचा निघाला. ती कुठल्याही लहान व्यावसायिकाला स्वतःच माहिती भरून फुकट करता येते, प्रशिक्षणाच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. 'आयएसओ ९००१' खरं असलं तरी ते संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं, तुम्हाला टॉवरवर चढता येतं का याबद्दल नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की त्यांच्याच वेबसाइटवर त्याच सर्टिफिकेटचं चित्र उघडायचं. स्वतःची साक्ष स्वतःच द्यायची, असा तो प्रकार. पडताळणी व्हायला हवी ती मान्यता देणाऱ्या संस्थेच्या साइटवर. पैसे भरण्याआधी जीडब्ल्यूओच्या साइटवरच्या यादीत केंद्राचं नाव आणि पत्ता शोधा, आणि त्या केंद्राच्या नावे हा नेमका कोर्स दाखवलेला आहे का तेही पाहा. आमच्या जाहिरातवाल्याने यादीतल्या एका खऱ्या केंद्राशी मिळतंजुळतं नाव घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

इमारतींच्या काचा आणि रिफायनरीतल्या दोरावरच्या कामासाठी इराटा नावाच्या संस्थेचं सर्टिफिकेट चालतं, तिथेही हेच धंदे असल्याचं साइटवर कानावर आलं. इराटाची परीक्षा प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीबाहेरचा स्वतंत्र परीक्षक घेतो. किमान चार दिवस प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा, असा क्रम असतो. 'आमचेच सर पास करतात' किंवा 'दोन दिवसांत लेव्हल वन' असं कुणी म्हणालं की तिथून उठा.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १११-अ मध्ये सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हटला होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता लागू झाली आहे. जुन्या कलमात हे प्रशिक्षण शक्य तिथे कारखान्यातच, नाहीतर मालकाने बाहेरच्या केंद्रात पाठवून द्यायचं होतं. ठेकेदार 'आधी स्वतःच्या पैशाने सर्टिफिकेट आण' म्हणत असेल तर आताच्या कायद्यात काय आहे ते आधी विचारून घ्या.

आम्ही काही जणांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. फीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉइस मेसेज, यातलं काही डिलीट करू नका.

आणि आमच्या बॅचमधले जे त्याच कागदावर मोबाइल टॉवरच्या ठेकेदाराकडे लागलेत, त्यांच्यासाठी : उद्या चढण्याआधी सुपरवायझरला खरं सांगा. मी सांगितलं तेव्हा साक्रीच्या त्या साइटने मला खाली स्टोअरच्या कामावर घेतलं आणि पुढच्या तुकडीबरोबर मान्यता असलेल्या केंद्रात पाठवायचं कबूल केलं. तक्रारीत नाव घालायचं असेल तर आपल्या जुन्या ग्रुपवर मला सांगा, पावती आणि सर्टिफिकेटची प्रत लागेल.