गच्चीवरचं ठिबक: मालाला पाच तारे, दुकानाला दोन

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर भाजीच्या कुंड्या आहेत. त्यांच्यासाठी नेटाफिम कंपनीचे दाब सांभाळणारे ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) आणि ते जोडायची १६ मिमीची नळी, म्हणजे लॅटरल, घेतली. माल एक नंबर. माझं माहेर रावेरचं, केळीच्या बागेत ठिबक बघतच मोठी झाले, त्यामुळे नळी हातात घेतली की कळतं.

दुकानदाराने मात्र कुंड्या किती एवढंच विचारलं, टाकी किती उंच ते नाही. या ड्रिपरला साधारण अर्धा बार दाब लागतो. दहा मीटर उंचीवर पाणी असेल तर एक बार मिळतो, आणि आमची टाकी गच्चीपासून जेमतेम तीन मीटर वर! काही ड्रिपर टपकत, काही ढिम्म. शेवटी छोटा पंप बसवावा लागला. कमी दाबाला साधे ड्रिपर चालले असते, पण ते सांगणार कोण?

पंपानंतर पहिल्या कुंडीला आणि शेवटच्या कुंडीला सारखंच पाणी जातं. नेटाफिम ही कंपनी निघाली इस्रायलमधल्या हात्सेरीम या किबुत्झमधून, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या वस्तीतून. नेगेवच्या वाळवंटात १९४६ साली वसलेल्या या वस्तीने १९६५ मध्ये सिम्खा ब्लास या अभियंत्याबरोबर ठिबकचा धंदा सुरू केला. शेत आणि कारखाना सगळ्यांच्या मालकीचा, निर्णय सभेत, सामाईक जेवणघरातलं कामही पाळीपाळीने. (आता बऱ्याच किबुत्झमध्ये पगार वेगवेगळे झालेत, १९८० च्या दशकातल्या कर्जांनी ती घडी मोडली. नेटाफिमचाही ८० टक्के हिस्सा २०१८ मध्ये मेक्सिकोच्या कंपनीकडे गेला.)

हे सगळं वाचून मला जोर चढला. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, फिल्टर दर आठवड्याला धुवावाच लागतो. मी पाळ्यांचा तक्ता करून लिफ्टजवळ लावला. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "ताई, मेंटेनन्स भरतो ना आम्ही?" फिल्टर मीच धुते, नाहीतर वॉचमनदादा. दोडके उतरले की मात्र सभेला नसते एवढी हजेरी.

घ्यायचंच असेल तर आधी टाकीची उंची मोजा. बोअरचं पाणी असेल तर जाळीऐवजी डिस्क फिल्टर घ्या, आणि महिन्यातून एकदा नळीच्या टोकाचं झाकण (एंड कॅप) उघडून नळी धुऊन काढा. आणि फिल्टर कोण धुणार, हे पैसे भरण्याआधीच सभेत लिहून घ्या, सह्यांसकट.