सोसायटीला केसमध्ये पार्टी (म्हणजे पक्षकार) करून देणारे वकील, ४ स्टार
वरच्या मजल्यावाल्याने गच्चीवर पत्र्याची शेड ठोकली, पालिकेने एमआरटीपीच्या (नगररचना कायद्याच्या) कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची नोटीस काढली तर हा पठ्ठ्या पालिकेवर दावा टाकून स्टे घेऊन आला, आणि ज्यांची गच्ची ती सोसायटी केसमध्ये कुठेच नाही! आमच्या वकिलांनी सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर १ रूल १० खाली आम्हालाही केसमध्ये घ्या असा अर्ज टाकला, सोबत मंजूर नकाशा, जनरल बॉडीचा ठराव आणि ओल आलेल्या छताचे फोटो. समोरचा म्हणे दावा माझा, प्रतिवादी कोण ते मी ठरवणार. आमचे वकील सर शांतपणे म्हणाले, गच्चीच्या मालकाला न ऐकता निकाल कसा द्यायचा? अर्ज मंजूर, आम्ही प्रतिवादी नंबर २. एक स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत, झेरॉक्सचे पैसेपण वेगळे लावले.