बायपोलर: दिनचर्येची थेरपी की घरच्यांसकट?

मावसबहिणीचा मुलगा २४ वर्षांचा. बायपोलरचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा मनाच्या आजाराचं निदान झालंय, लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. आता डॉक्टरांनी दोन थेरपी सुचवल्या, तर बहीण विचारते, "ताई, यातली कुठली?" एक आधीच सांगते: दोन्ही गोळ्यांच्या जोडीला आहेत, गोळ्यांऐवजी नाहीत.

पहिली दिनचर्येची, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी घडवलेली. वहीत रोज पाच गोष्टींची वेळ टिपायची: अंथरूण सोडलं, पहिल्यांदा कुणाशी बोललो, कामाला लागलो, रात्री जेवलो, झोपलो. लग्नघरातल्या दोन रात्रींच्या जागरणानेही उन्माद उसळू शकतो, म्हणून हा हिशेब. नात्यांमधले ताणही यात बोलले जातात.

दुसरी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांची, कुटुंबासह. नऊ महिन्यांत साधारण २१ बैठका. आजार समजून घ्यायचा, न टोचता बोलायला शिकायचं, अडचणी मिळून सोडवायच्या.

मेहनत पहिलीत त्याची एकट्याची, पण रोजची. दुसरीत आईवडिलांनाही वेळ काढावा लागतो, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच येते. खर्च दोन्हींचा बैठकांवर. परिणामाचं म्हणाल तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात या दोन्ही आणि सीबीटी (विचार-वर्तन बदलणारी तिसरी थेरपी) यांपैकी एक घेणारे नैराश्यातून लवकर सावरले; तिघींत ठळक फरक दिसला नाही.

एकटं राहणाऱ्याला, झोपेचं गणित बिघडलेल्याला पहिली बरी. बहिणीकडे मात्र "गोळी घेतलीस का?" यावरून रोज रात्री दार आपटतं. तिला मी दुसरीच सांगितली.