कागद नाही, पण उत्तर आहे: आठवडे बाजारातला एक भाजीचा स्टॉल

कोथरूडच्या शेतकरी आठवडे बाजारात मुळशीकडचं एक जोडपं बसतं. ना बॅनर, ना लोगो. 'सेंद्रिय आहे का' विचारलं की काका म्हणतात, "आहे, पण कागद नाही. रान बघायला या."

मी त्यांची गिऱ्हाईक झाले ती वांग्यांमुळे. पिशवीत टाकायला लागले तर काकूंनी हात धरला. "ताई, ही सेंद्रिय म्हणून घेऊ नका. शेंडे पोखरणारी अळी दशपर्णीला आवरेना, मागच्या आठवड्यात औषध मारलंय." (दशपर्णी म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा घरगुती अर्क.) वांग्यांचा क्रेट वेगळा, भावही बाजारातलाच. थोडं पुढे '१००% ऑरगॅनिक'चा भलामोठा फ्लेक्स लावलेल्याला खत कुठलं घालता विचारलं, तर "सगळं नॅचरल आहे मॅडम" एवढंच!

प्रमाणपत्राचा कागद नसणं म्हणजे लबाडी, असं नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१७च्या नियमांनुसार थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. 'जैविक भारत' हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह तेवढं लावता येत नाही. प्रमाणपत्र मिळवायचा पीजीएस नावाचा स्वस्त मार्ग आहे, त्यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. पण गटाला किमान पाच जण लागतात आणि काकांच्या वाडीत दुसरं कुणी तयार नाही. घोडं तिथेच अडलंय.

भाजीचं म्हणाल तर मेथी बुटकी, मुळांना माती लागलेली, चवीला चांगली कडू. जुडी पंचवीसची, शेजारी पंधराला मिळते. निवडायला वेळ जातो, पण कापडात गुंडाळून ठेवली तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस तरतरीत राहते. मुळा तर नाकात झिणझिण्या आणतो. पानांना भोकं दिसली म्हणजे फवारणी झालीच नाही, असं समजून मात्र कुठेच भुलू नका. फवारणी उशिरा झाली तरी भोकं पडतातच. त्यापेक्षा कीड पडली तेव्हा काय मारलं, ते विचारा. जो खरंच पिकवतो तो तक्रारीच्या सुरात का होईना, सविस्तर सांगतो.

पालक आठच्या आत संपतो. फोन करून बाजूला ठेवा म्हटलं तर ठेवत नाहीत. टोमॅटो निवडूनच घ्या, क्रेटच्या तळाचे बरेचदा दबलेले असतात. आणि सुटे पैसे न्या, काकांच्या फोनला तिथे रेंज नसते.