लग्नाचा रॉ डेटा घेतला, त्याला अकरा महिने झाले

आमचं लग्न फेब्रुवारी २०२५ मध्ये साताऱ्यात झालं. आदल्या दिवशी हळद आणि सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी लग्न आणि रिसेप्शन. फोटोग्राफरच्या कोटेशनमध्ये सगळ्यात खाली एक ओळ होती : रॉ डेटा मिळणार नाही. मी हटून बसले आणि ती ओळ खोडायला लावली. त्याचे ८,००० रुपये जास्तीचे, हार्ड डिस्क आमची. तेव्हा गड जिंकल्यासारखं ज्याला त्याला सांगत होते. आता मामेबहिणीचं लग्न ठरलंय आणि ती विचारतेय, घेऊ का? तिला तीन वेळा फोनवर सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी एक घोळ. आपल्याकडे ‘रॉ डेटा’ म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळंच काहीतरी असतं. माझ्या आईच्या मते रॉ म्हणजे ‘काढलेले सगळे फोटो’. ट्रॅडिशनलवाला, म्हणजे विधींचे आणि ओळीत उभं करून फोटो काढणारा, पेन ड्राइव्हमध्ये अल्बमच्या सिलेक्शनसाठी जे देतो ते. त्या साध्या जेपेग फाइल असतात, फक्त एडिट न केलेल्या. कँडिडवाल्याच्या, म्हणजे नकळत टिपणाऱ्या आमच्या फोटोग्राफरच्या, मते रॉ म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल. निकॉन असेल तर एनईएफ, सोनी असेल तर एआरडब्ल्यू, कॅननच्या नव्या कॅमेऱ्यात सीआर३. तो फोटो नसतोच खरं तर, सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नोंद असते. आम्ही भांडत होतो तेव्हा मी आईच्या अर्थाने बोलत होते आणि तो त्याच्या. दोघांनाही पत्ता नव्हता.

हार्ड डिस्क आली. ४,८१२ फाइल, १३८ जीबी. रात्री जेवणं उरकून सगळे लॅपटॉपभोवती जमले आणि एकही फोटो दिसेना. नुसती पांढरी चौकोनी चित्रं. सासूबाई म्हणाल्या, “रिकामीच दिली की काय?” दोन दिवसांनी कुणीतरी फास्टस्टोन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर सुचवलं. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपेगही असतो, ते सॉफ्टवेअर तो दाखवतं. घरातल्या नव्वद टक्के गरजा तिथेच भागल्या.

आणि खरी मजा त्यातच होती. फोटोग्राफरने आम्हाला ६२० फोटो एडिट करून दिले होते. सुंदर होते, नाही म्हणणार नाही. पण निवड करणारा माणूस आमच्या घरातला नव्हता. त्याला काय माहीत की रुखवताच्या टेबलामागे अर्धी दिसणारी बाई म्हणजे शेजारच्या काकू, ज्यांनी महिनाभर जागून ते रुखवत केलं? त्यांचा ६२० मध्ये एकही फोटो नव्हता. उरलेल्यात अकरा निघाले. कानपिळीच्या वेळी भावाने नवऱ्याचा कान खरंच जोरात पिळला होता. एडिटेड फोटोत नवरा हसतोय, आधीच्या फ्रेममध्ये कळवळलाय. घरात फ्रेम करून लावलाय तो कळवळलेला.

मग गोंदणाची गोष्ट. आज्जीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, लहानपणी जत्रेत गोंदून घेतलेलं. अल्बम आला, तिने चष्मा लावून स्वतःचं पान शोधलं आणि विचारलं, “माझं गोंदण कुठं गेलं गं?” एडिटिंग करणाऱ्याने डाग समजून पुसलं होतं. सुरकुत्याही अर्ध्या गायब. मीही माझ्या रंगापेक्षा दोन छटा उजळ झाले होते. मी सावळी आहे, मला त्याची अडचण नाही, मांडवातल्या एका माणसालाही नव्हती. मूळ फाइल उघडली तर गोंदण जागच्या जागी. तो फोटो मी फक्त थोडा उजळ करून ८ बाय १२ मध्ये छापून आणला. आता तो आज्जीच्या कपाटावर असतो आणि अल्बम कपाटाच्या आत.

इथवर वाचून वाटेल, रॉ घ्याच. थांबा. वर सांगितलेल्या एकाही गोष्टीला रॉ लागत नव्हता. न निवडलेले, न पुसलेले साधे जेपेग मिळाले असते तरी काकू सापडल्या असत्या आणि गोंदणही.

निव्वळ रॉमुळे वाचला असा ठळक फोटो एकच. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, त्या क्षणी फोटोग्राफरचा फ्लॅश चार्ज झालेला नव्हता. फ्रेम जवळजवळ काळी. साहजिकच त्याने ती बाजूला टाकली. त्या एकाच फ्रेममध्ये आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय आणि मागे बाबा अक्षता टाकायच्या विसरून मूठ तशीच धरून उभे आहेत. डार्कटेबल नावाच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, हेही फुकट आहे, एक्स्पोजर तीन स्टॉप वर नेलं, म्हणजे उजेड आठपट केला, आणि अंधारातून सगळे बाहेर आले. दाणे दिसतात, पण फोटो आहे. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारात लपलेलं वर काढताना त्या पायऱ्या कामी येतात. जेपेगवर हाच प्रयोग करून पाहिला, बाबांच्या चेहऱ्यावर नुसते चट्टे आले.

बाकी माझं एडिटिंग म्हणजे हसण्याचा विषय. डार्कटेबलमध्ये फाइल उघडली की आधी कॅमेऱ्याचा रंगीत जेपेग दिसतो आणि मग डोळ्यांदेखत फोटो फिका पडतो. पहिल्यांदा वाटलं आपणच काहीतरी बिघडवलं. तर नाही, रॉ असाच असतो. रंग, उजेड, उठाव सगळं आपण भरायचं. हळदीचा मांडव पिवळ्या कापडाचा, खाली आम्ही हळदीने माखलेले, सगळं घर कावीळ झाल्यासारखं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोवरची रंगाची झाक, सरकवून त्यातून माणसं वेगळी करायला मला एका रविवारात नऊ फोटो जमले. रिसेप्शनच्या जांभळ्या-निळ्या एलईडीपुढे तर हात टेकले. निळा रंग सेन्सरवर इतका भरून वाहिला होता की चेहऱ्याचे तपशीलच उरले नव्हते, आणि जे नोंदलंच गेलं नाही ते रॉमधूनही परत येत नाही. त्या रात्री कळलं की रिसेप्शनचे निम्मे फोटो त्याने ‘कलात्मक’ म्हणून ब्लॅक अँड व्हाइट का दिले होते. मनातल्या मनात माफी मागितली.

अकरा महिन्यांत मी मनापासून एडिट केलेले फोटो ६३.

त्यातला एक मी पाडव्याला स्टेटसला टाकला, खाली कौतुकाने फोटोग्राफरचं नाव. तासाभरात फोन : “ताई, एकतर तो फोटो काढा, नाहीतर माझं नाव काढा.” चिडलेला नव्हता, काकुळतीला आला होता. फोटोत मी नवऱ्याला संत्र्याच्या रंगाचं केलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी उन्हात बघितल्यावर पटलं. “पुढचं गिऱ्हाईक तेच बघून येतं ओ,” तो म्हणाला. त्याचा नकार मला तोवर निव्वळ आडमुठेपणा वाटत होता.

कायद्याचं विचाराल तर वकील असलेल्या चुलतभावाने कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ दाखवलं. पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक आपण. अमेरिकेत उलट आहे, करारात वेगळं काही नसेल तर हक्क फोटोग्राफरकडे राहतो. न्यूजर्सीतल्या मावसबहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग लग्न साताऱ्यातच करायला हवं होतं. पण हक्क आपला म्हणून कुठल्या फाइल हातात पडतील ते काही ठरत नाही. ते कोटेशनच्या त्या खालच्या ओळीतच ठरतं.

साठवणुकीचा व्याप कुणी आधी सांगत नाही. आमच्या करारात होतं की अल्बम दिल्यावर तीन महिन्यांनी फोटोग्राफर त्याच्याकडचा डेटा पुसणार. म्हणजे त्यानंतर जगात या फाइल फक्त आमच्याकडे. गणपतीत भाच्याने हार्ड डिस्क टेबलावरून पाडली, ती आजतागायत बोलली नाही. दुसरी प्रत भावाकडे साताऱ्यात होती म्हणून हे लिहितेय. १५ जीबीच्या फुकट गूगल खात्यात यातला जेमतेम एक कोपरा मावतो.

तर मामेबहिणीला मी हे लिहून दिलंय : सगळे फोटो न गाळता, न एडिट करता, जेपेगमध्ये, निव्वळ डोळे मिटलेले आणि हललेले सोडून. रॉ फक्त आपण निवडू त्या पन्नासेक फोटोंचे. आपण एडिट केलेल्यावर त्याचं नाव टाकायचं नाही. गोंदण, तीळ, व्रण पुसायचे नाहीत. तिचा फोटोग्राफर जेपेगला लगेच हो म्हणाला, पैसेही मागितले नाहीत. रॉसाठी फोटोमागे १०० रुपये म्हणतोय, घासाघीस चालू आहे. गोंदणाची अट वाचून मात्र त्याने विचारलं, “आणि पिंपल्स?” त्यावर मामेबहीण अजून विचार करतेय.