एकच नृत्य, चार मुक्काम: पापाडाकिस-सिझरोंचा 'मूनलाइट सोनाटा'

गॅब्रिएला पापाडाकिस आणि गिलॉम सिझरों या फ्रेंच जोडीचा, बीथोव्हेनच्या संगीतावरचा २०१७-१८ च्या हंगामातला हा आइस डान्स (बर्फावर स्केट घालून केलेलं जोडीचं नृत्य) नागपुरात बसून पाहायचा तर ओळीने चार वेळा पाहा: बीजिंग (कप ऑफ चायना), नागोया (ग्रां प्री फायनल), प्योंगचांग (हिवाळी ऑलिम्पिक), मिलान (जागतिक अजिंक्यपद). बीजिंगला शॉर्ट डान्स (पहिली, छोटी फेरी) आणि फ्री डान्स (हेच नृत्य) मिळून एकूण २००.४३, म्हणजे दोनशेपलीकडे जाणारी पहिली जोडी. नागोयाला २०२.१६, इथे फार थांबू नका.

खरी मेजवानी प्योंगचांगची. २० फेब्रुवारीला आपल्याकडे सकाळी साडेसहाला, तर्री-पोह्यांच्या वेळेआधीच, स्पर्धा सुरू झाली होती. आदल्या दिवशी शॉर्ट डान्समध्ये गॅब्रिएलाच्या ड्रेसचा गळ्याजवळचा हूक सुटला आणि गुण ८१.९३ वर अडले. फ्री डान्सला १२३.३५ मिळूनही सुवर्ण ०.७९ ने हुकलं, ते कॅनडाच्या व्हर्च्यू-मॉयर जोडीकडे गेलं.

ट्विझल पाहताना चेहरे नको, पाय बघा. एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकताना दोघांतलं अंतर वाढलं, किंवा मोकळा पाय मध्येच बर्फाला टेकला, की गुण गेलेच. ही जोडी इतकी जवळ राहून फिरते की चूक लपायला जागाच उरत नाही. गुडघे खोल वाकवून वेग घेतात, त्यामुळे ढकलणं दिसत नाही, नुसतं सरकणं दिसतं.

मिलानला फ्री डान्स १२३.४७, एकूण २०७.२०. आकडा मोठा खरा, पण व्हर्च्यू-मॉयर तिथे नव्हते. आमची पसंती प्योंगचांगलाच. पुढच्या हंगामापासून प्रत्येक घटक किती चांगला केला याचे, म्हणजे अंमलबजावणीचे गुण उणे ३ ते अधिक ३ ऐवजी उणे ५ ते अधिक ५ झाले, त्यामुळे नंतरच्या आकड्यांशी तुलना करू नका.